आबांचे शंभर सिग्नल

आबांबद्दल बसून लिहिता येत नाही. दोनदा बसलो, दोनदा उठलो. एकदा गॅस बंद केला की नाही ते बघायला, आणि एकदा उगीचच. आता खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहितो आहे. आबांना हे पटेल. ते स्वतः बसून कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. शाळेत खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभे राहायचे, जणू ती खुर्ची दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली आहे.

आबा रेल्वेत ड्रायव्हर होते. तेही घाटातल्या बँकरवर. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन, त्याला बँकर म्हणतात. सगळी नोकरी दुसऱ्याच्या गाड्या ढकलण्यात गेली, असं ते सांगायचे. हार घालायची वेळ आली की तो पुढच्या इंजिनाला. हे सांगताना तक्रार नसायची. उलट मागून ढकलणाऱ्याला गाडीचं खरं वजन कळतं, पुढच्याला नुसता रस्ता दिसतो, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते चहावाल्यालाही ऐकवत.

इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं, "हिरवा." दुसऱ्याने स्वतः बघून तेच परत म्हणायचं, "हिरवा." मग तो सिग्नल बघितला असं धरायचं. एकट्याने बघितलेला धरत नाहीत. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी आबांची ही सवय सुटली नव्हती. लोणावळ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "भात झाला." आबा बाहेरून म्हणाले, "भात झाला." मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. मग आबा म्हणाले, "पाहुणं आलं." आतून उत्तर आलं, "पाहुणं आलं, आन् साखर संपली." आबांनी तेही परत म्हटलं आणि पिशवी घेऊन साखर आणायला गेले. मावशी गेल्यानंतरही ते गॅस बंद करताना "गॅस बंद" म्हणायचे. थोडं थांबून, हलक्या आवाजात, पुन्हा एकदा म्हणायचे.

ते माझ्या शाळेत आले ते खिडकीतून. म्हणजे आधी त्यांचं डोकं आलं. मी मळवलीच्या पलीकडच्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक. त्यातल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या, त्यामुळे सगळा कारभार माझ्या एकट्याच्या गळ्यात. आबांच्या मेव्हण्याची भातखाचरं त्याच रस्त्याला. आबा तिकडे निघाले होते आणि वर्गात एक मुलगा वाचत होता. म... ह... म्ह... णू... म्हणू... न... शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिलं अक्षर त्याच्या हातातून निसटलेलं. पुन्हा पहिल्यापासून.

खिडकीतून आवाज आला, "मास्तर, ह्या पोराची गाडी परत्येक खांबाला थांबतीया."

मला राग आला. सोळा वर्षं नोकरी झाली होती माझी. मी त्यांना म्हटलं, आधी अक्षर, मग काना-मात्रा, मग शब्द, पद्धत असते. ते आत आले, चप्पल दाराशी काढली आणि मुलांना विचारलं, "आई समोरनं आली तर तू आदी नाक बघतो, मग डोळं बघतो, मग जुळवून म्हंतो का, ही माझी आई?" पोरं हसली. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "आणि आबा, आई मागनं आली तर?" आबा म्हणाले, "मग पाठीत बसल्यावर वळखायचं."

त्या दिवशी ते पहिलीची आणि दुसरीची पुस्तकं मागून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आले ते शंभर शब्दांची यादी घेऊन. दोघा नवरा-बायकोंनी मिळून पुस्तकातले शब्द मोजले होते. आबा वाचायचे, मावशी वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारायच्या. आणि, पण, मग, तर, आहे, होता, होती, नाही, म्हणून, त्याने, तिला, पुन्हा, सगळे. कुठलीही गोष्ट घ्या, कोल्ह्याची घ्या नाहीतर राजाची, हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. "हे सिग्नल हायेत मास्तर," आबा म्हणाले. "बाकी सारी सीनरी. सीनरी सावकाश बघा, कोन न्हाई म्हंतंय? पर सिग्नल बघायला गाडी थांबवली तर मागच्या गाडीनं काय करायचं?"

खरं तर सोळा वर्षांत मला हे दिसलं नव्हतं, की जोडाक्षरं आम्ही दुसरीत शिकवतो आणि 'म्हणून' हा शब्द पहिलीच्याच गोष्टीत येऊन बसलेला असतो. मूल तिथे अडकतं, आणि आपण म्हणतो, कच्चं आहे.

कार्डं त्यांनी चिक्कीच्या खोक्यांची केली. लोणावळ्यात खोक्यांना तोटा नाही. एका बाजूला शेंगदाण्यांचं रंगीत चित्र, दुसऱ्या कोऱ्या बाजूला मार्करने ठसठशीत एकच शब्द. पोरं आधी कार्ड हुंगायची. एकाने 'परंतु' चाटून बघितल्याचं आठवतं. रोज सकाळी दहा मिनिटं हा खेळ चालायचा. दोघं-दोघं समोरासमोर उभी. एकाने कार्ड वर करायचं, पापणी लवेपर्यंत दाखवायचं आणि खाली घ्यायचं. समोरच्याने शब्द ओरडायचा. मग दाखवणाऱ्याने स्वतः कार्ड बघून तोच शब्द परत ओरडायचा. परत ओरडला नाही तर ते धरायचं नाही. चुकलं तर रागवायचं नाही. कार्ड गठ्ठ्यात तीन कार्डांखाली सरकवायचं, म्हणजे विसरायच्या आत ते पुन्हा समोर येतं. दहा मिनिटं झाली की आबा त्याच शब्दांची दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, "आता सीनरी बघा." मग मुलं वाचायची, आणि वाचता वाचता वाक्यावर हसायची, कारण वाक्यात हटकून मी असायचो. 'मास्तर आहे पण चहा नाही म्हणून मास्तर पुन्हा उठला.' माझ्या उठबशीवर त्यांचं बारीक लक्ष होतं.

वर्गात हा गोंधळ इतका व्हायचा की रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. शाळेत भांडण लागलं असं एकीला वाटलं होतं.

पूनम तिसरीत होती. बारीक चणीची, भित्री, सगळ्यांत मागे. तिला शंभरातले तीसेक शब्द यायचे आणि त्यातले पाच उद्या जायचे. तिची आई मळवलीतल्या बंगल्यांची झाडलोट करायची; शनिवार-रविवारी पाहुणे आले की पूनमही तिच्या मागे जायची, त्यामुळे सोमवारी पुन्हा घसरगुंडी. आबा रोज तिच्याच जोडीला उभे राहायचे. गुडघे दुखायचे तरी वाकून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर कार्ड धरायचे. मी एकदा म्हटलं, हिचं काही खरं नाही. आबा म्हणाले, "चढावर हाय पोरगी. चढावर गाडी हळूच चालती. मागनं रेटा काढायचा न्हाई फक्त. मला दिवाळीपतोर द्या."

मी दिवाळीपर्यंत वेळ दिला नाही.

इथे आल्यावर मला पुन्हा उठून फेरी मारावी लागली. आता लिहून टाकतो.

त्या वर्षी वाचनाची तपासणी लागली. वरून पथक येणार, प्रत्येक मुलाला एक उतारा देणार, घड्याळ लावून मिनिटभर वाचायला लावणार. आमच्या भागात चांगल्या निघणाऱ्या शाळा बघायला बाहेरचे शिक्षक येतील, असं ठरत होतं. त्यात माझी शाळा यावी असं मला वाटलं. धमकी कुणी दिली नव्हती. मला नुसती शाबासकी हवी होती. लहान वाडीवर सोळा वर्षं काढलेल्या माणसाला ती किती हवीशी वाटते, हे ज्याला मिळाली आहे त्याला सांगून कळणार नाही. पण ही सबब म्हणून लिहीत नाही.

पथक आधी दुसऱ्या एका शाळेत जाऊन आलं होतं. तिथल्या ओळखीच्या शिक्षकाने मला सांगितलं की उतारा सगळीकडे एकच आहे, शेळीचा. त्याने तो फोनवर पाठवलाही. मी आठ दिवस रोज दुपारी, आबा मेव्हण्याच्या शेतावर गेले की, तो उतारा फळ्यावर लिहायचो आणि वर्गाकडून एका सुरात म्हणून घ्यायचो. घंटेच्या आधी फळा पुसायचो. मुलांना म्हटलं नाही की कुणाला सांगू नका. म्हणायची गरज पडली नाही. फळा पुसणाऱ्या माणसाकडे बघून मुलांना कळतं.

आबांना मी तपासणीच्या दिवशी येऊ नका म्हटलं होतं. साहेब येणार, गडबड असेल. ते म्हणाले, साहेब येणार तर मी बी बघतो पोरांची गाडी कशी पळती. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दाराशी उभे राहिले.

पूनमची पाळी आली. तिने कागद हातात घेतला आणि शेळी डोंगरावर गेल्यापासून घरी परत येईपर्यंत एका दमात म्हणून टाकलं. एका ठिकाणीही थांबली नाही. साहेबांनी मान हलवली. आणि मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना खरं वाटलं होतं. कसलाही संशय नाही. पोरगी घाट चढली, एवढंच. ते दार सोडून आत आले, साहेबांना म्हणाले, "बघा, काल ही 'पुन्हा'ला अडत व्हती." आणि कौतुकाने, तिला आणखी मिरवावं म्हणून, कागदावर मधल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "बाळा, हितनं वाच बरं."

पूनमची नजर बोटावरून सुटून पहिल्या ओळीवर गेली.

आबांनी बोट एका शब्दाखाली सरकवलं. "ह्यो तर आपला हाय. रोजचा." तिने माझ्याकडे बघितलं. मग रडू लागली, आवाज न करता, कागद तसाच हातात. साहेबांनी तिच्या हातातून कागद घेतला, दुसऱ्या मुलाला मधून वाचायला सांगितलं, मग तिसऱ्याला. ज्यांना येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना येत नव्हतं ते सगळे शेळी डोंगरावर गेल्यापासून म्हणायला लागले.

"हे पाठांतर आहे," साहेब म्हणाले. "कुणी करून घेतलं?"

टेबलावर चिक्कीच्या खोक्यांची कार्डं होती. मी त्यांच्याकडे बघितलं. बघितलं आणि म्हणालो, "हे आबा घेतात ते. कार्डं दाखवून पाठ करून घेतात. मी सांगत होतो त्यांना, हे वाचन नाही म्हणून."

साहेबांना ते लगेच पटलं. पटणारच. कार्ड दाखवलं आणि मूल ओरडलं, हे बाहेरून बघणाऱ्याला घोकंपट्टीसारखंच दिसतं. ओळखणं आणि पाठ असणं यातला फरक त्या खोलीत दोघांनाच माहीत होता. त्यातला एक मी.

आबांनी वाद घातला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मास्तर." आणि थांबले. मी हजेरीपट उघडला.

साहेब म्हणाले, बाहेरच्या माणसाला वर्गात येऊ देणार नाही असं लेखी द्या. मी दिलं. अक्षर छान आलं होतं.

दुसऱ्या दिवशी आबा कार्डं न्यायला आले तेव्हा पूनमची आई फाटकापाशी उभी होती. म्हाताऱ्याने साहेबापुढे पोरीला रडवली, एवढं तिच्या कानावर गेलेलं. तिने आबांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. रिकामटेकडा म्हणाली, स्वतःला पोर-बाळ नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरांशी खेळतो म्हणाली. हे शेवटचं खरं होतं आणि म्हणून वाईट होतं. मावशींना जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मी व्हरांड्यात होतो, हातात कुलूप. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुकलं माझं, बाई. मी मधनंच वाचाया लावलं." आणि कार्डं न घेताच गेले. कार्डं मी कपाटात ठेवली. पुढच्या पावसाळ्यात त्यांना मुंग्या लागल्या.

त्यानंतर मी मळवलीहून लोकलने जाणं सोडलं. कार्ल्यापर्यंत चालत जाऊन हायवेवरची एसटी धरायचो, का तर फलाटावर आबा भेटतील. घरी सांगितलं, चालणं तब्येतीला बरं. लोणावळ्याच्या बाजारात एकदा ते लांबून दिसले. भाजीवालीपुढे उभे राहून टोपल्यांकडे बघत काहीतरी पुटपुटत होते. मी गल्लीत वळलो. वळलो तिथे माझं काहीही काम नव्हतं.

अशी सात वर्षं गेली. मी बदलून दुसऱ्या शाळेवर गेलो, मुख्याध्यापक झालो.

या दिवाळीनंतर कार्ल्याच्या हायस्कूलमधले एक शिक्षक भेटले. बोलता बोलता म्हणाले, तुमच्या वाडीची एक पूनम आहे आमच्याकडे दहावीला. तोंडी काहीही विचारा, उत्तर तयार. पण पेपर पुरा होत नाही. प्रश्न वाचण्यातच अर्धा वेळ जातो. बोट ठेवून वाचते अजून. असंच राहिलं तर बोर्डात नापास होईल.

मी चहा तसाच ठेवून उठलो. दोन दिवस घरात आणि शाळेत येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी लोणावळ्याला आबांच्या दारात उभा राहिलो.

त्यांचे गुडघे आता पूर्ण गेले आहेत. खिडकीची कांब धरून उभे होते. मी सगळं सांगितलं, शेळीपासून हजेरीपटापर्यंत. सांगताना मी खोलीत फिरत होतो हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ती माझ्याबरोबर इकडून तिकडे होत होती. माफ करा म्हणायचं ठरवून आलो होतो, ते आलंच नाही.

"ह्ये मला कशाला सांगताय?" आबा म्हणाले. "मी तितंच व्हतो की."

मग विचारलं, "पेपरला किती म्हैने?"

मी म्हटलं, तीन, फार तर साडेतीन.

"व्हतंय. जून झालीय पोर, पर शंभर शब्दांचं काय एवढं? रोज अर्धा तास पायजे. आणा हितं." मी लगेच हो म्हटलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तिच्या आईनं मला काय म्हटलंय, इसरलात काय? ती पोरीला हितं धाडंल व्हय? आदी तिला सांगा. सगळं सांगा. मग आणा."

मी म्हटलं, मी तुमच्याबद्दल चांगलं सांगतो, समजावतो.

"माज्याबद्दल न्हाई," आबा म्हणाले. "तुमच्याबद्दल सांगायचं हाय."

काल संध्याकाळी वाडीवर गेलो. पूनमची आई नुकतीच कामावरून आली होती. ओटीवर पाण्याचा तांब्या दिला, खुर्ची दिली. मास्तर इतक्या वर्षांनी आले म्हणून पूनमला हाक मारली. पूनम आता आईच्या खांद्याच्या वर गेली आहे. मी खुर्चीवर बसलो नाही. उतारा मी पाठ करून घेतला होता हे सांगितलं. नाव आबांचं सांगितलं हे सांगितलं. आबा अजूनही रोज अर्धा तास द्यायला तयार आहेत, हेही सांगितलं, आणि ते सांगताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा लवकर शेवटाकडे पळतो आहे.

आई पूनमकडे वळली. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय," पूनम म्हणाली. "सगळ्या वर्गाला ठावं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

पूनमने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच. "सर बोलत नव्हते," ती म्हणाली.

आईने तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. बाहेर आली, दाराला कडी घातली, पदर खोचला. मला वाटलं, आता मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"मी त्या मानसाला पोरा-बाळावरनं बोलले," ती म्हणाली. "तुमी तितं हुबे व्हता. व्हरांड्यात."

"होतो," मी म्हटलं.

"लोनावळ्याची गाडी कवा हाय गं, पूनम?"

पूनमने वेळ सांगितली. वीस मिनिटं होती. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ, अंधार पडेल, मी रिक्षा सांगतो. तिने पायात चप्पल घातली.

"आत्ताच. तवा व्हरांड्यात बोलला न्हाईत, ते समदं त्या मानसाम्होरं तुमी बोलायचं, मास्तर. मी नुसती बाजूला हुबी ऱ्हाते."